बेरिल मावशीचं हल दर्शन

हल,
९ एप्रिल २०१८

प्रिय बेरिल मावशी,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. गेला आठवडाभर हे पत्र मनात लिहून खोडते आहे. दर वेळी ते जाहिरातीसारखं वाटतं. तेव्हा मुद्द्याचं आधी: तू फ्लीटवूड सोडून परत हलला राहायला यावंस, असं मला वाटतं.

इथे जुन्या शहरात, मिन्स्टर या मोठ्या चर्चच्या मागे, बोटॉल्फ कोर्ट नावाची इमारत आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांची घरं. तळमजल्यावरचं एक घर उन्हाळ्यात रिकामं होणार आहे. मी तुझं नाव घालून ठेवलंय. जून संपेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. तुला न विचारता हे केलं ते मला खटकतंय. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग तेही मला खटकलं असतं.

क्लिफ काका गेल्यापासून तू एकटी आहेस म्हणून हे करते, असं लिहिणार होते. ते पूर्ण खरं नाही. आई गेल्यावर माझं म्हणावं असं माणूस तू एकटीच उरलीस. नोकरीसाठी मी योगायोगाने तुमच्याच गावात येऊन पडले, कॉलेजात मुलांना रसायनशास्त्र शिकवते, ओळखीही बऱ्या आहेत. पण आजारी पडले तर कुणाला कळवायचं, या रकान्यात मी दंतवैद्याचं नाव लिहून आले.

आधी नुसती बघायला तरी ये. मे महिन्यात एक आठवडा. तू सोडलंस ते हल आता राहिलेलं नाही. गेल्या वर्षी तर आपण देशाचं सांस्कृतिक शहर होतो. संग्रहालयं, चित्रं, नदीत बांधून ठेवलेलं जुनं मासेमारी जहाज, जुन्या गल्ल्या, सगळं मी आखून ठेवते. तू फक्त चांगले बूट आण.

तुझी
फिलिपा

---

फ्लीटवूड,
१७ एप्रिल

फिलिपास,

जाहिरात बरी जमली आहे. 

तू लहानपणापासून अशीच. समोर बिस्किट ठेवलं तर आधी विचारायचीस हे कुणाचं, मग विचारायचीस घेतलं तर चालेल का, तोवर ते दुसऱ्याच्या पोटात गेलेलं असायचं. यंदा न विचारता काहीतरी केलंस, म्हणून मी रागावत नाही. सवय मात्र लावून घेऊ नकोस.

आमच्या वेळी हलला बघायला काय होतं? मासे, आणि माशांवर गेलेल्या माणसांची वाट बघणाऱ्या बायका. आता तिकीट काढून बघतात म्हणतेस तर बघू.

येते मी. पण घराचा विषय आल्या आल्या काढायचा नाही. मी बघेन, वास घेईन, मग माझं मी ठरवेन. इथे इतकी वर्षं काढली, नवरा इथल्या मातीत ठेवला, तरी दुकानात मी अजून ‘त्या यॉर्कशायरच्या बाई’च आहे. तिथे आले तर ‘त्या फ्लीटवूडच्या बाई’ होणार असेन तर सामान हलवायचा त्रास कशाला?

पॅटी अजून मिळते ना? बटाट्याची, सेजचा पाला घातलेली? इथल्या लोकांना माहीतच नाही. क्लिफला सांगून सांगून थकले, त्याला वाटायचं मी थापा मारते.

बूट आहेत माझ्याकडे.

बेरिल

---

हल,
२१ मे

प्रिय मावशी,

सुखरूप पोचलीस ना? लीड्सला गाडी बदलताना फार धावपळ झाली नाही ना?

तू गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. इतका चांगला आठवडा मला आठवत नाही. निदान माझ्या बाजूने तरी. तुझ्या बाजूचं मला सांगता येत नाही, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र.

सागरी संग्रहालयातला तो प्रसंग मी कॉलेजात सगळ्यांना सांगितला. काचेच्या कपाटापुढे उभी राहून तू, “ही माझी किटली!” असं एवढ्या मोठ्याने म्हणालीस, की पहारेकरी धावत आला. “चोरीला गेली होती का, मॅडम?” म्हणाला बिचारा. आणि तू, “नाही रे बाळा, मी फेकून दिली होती. तुम्ही काचेत ठेवणार हे ठाऊक असतं तर घासून दिली असती.” जुन्या गल्लीत मी मोठ्या कौतुकाने तुला इंग्लंडमधली सगळ्यात छोटी खिडकी दाखवली, तेव्हा तू म्हणालीस, “एवढ्या भोकाचं कौतुक? आमच्या संडासाची याहून मोठी होती. तिचा फोटो काढायला कुणी आलं नाही.” मागचं जर्मन जोडपं तू काय म्हणालीस ते विचारत होतं. मी सांगितलं, तुला फार आवडली.

चित्रसंग्रहालयात बाकावर तुझा डोळा लागला तो आठवड्यातला सगळ्यात शांत अर्धा तास होता. मी चित्रं बघायची सोडून तुझ्याकडेच बघत बसले. झोपेत तू अगदी आईसारखी दिसतेस.

पण मग निघायच्या दिवशी काय झालं? सकाळी खाण्याच्या टेबलावर तू गप्प झालीस. अंडं अर्धं टाकलंस. स्टेशनवर माझ्याशी दोनच वाक्यं बोललीस, आणि गाडीत खिडकीकडे पाठ करून बसलीस. मी फलाटाच्या टोकापर्यंत हात हलवत आले. पलीकडच्या डब्यातल्या एका अनोळखी गृहस्थांनी मला उलट हात केला, तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस.

मी फार फिरवलं का? बोटॉल्फ कोर्टच्या दारावरून तीनदा नेलं ते तुझ्या लक्षात आलं असणार. विषय काढायचा नाही म्हणाली होतीस. मी काढला नाही, पण इमारत तुझ्यासमोर आणत राहिले. तो विषय काढणंच झालं, हे आता कळतंय.

तुझ्या खोलीतल्या चादरी त्याच दिवशी सकाळी धुवून टाकल्या. वारा छान होता, दुपारपर्यंत वाळल्यासुद्धा. पलंग पुन्हा तयार आहे. कधीही ये.

तुझी
फिलिपा

---

फ्लीटवूड,
४ जून

फिलिपास,

पोचले नीट. पाय अजून दुखतात, पण ते इथेही दुखतात.

सगळं छान दाखवलंस. पॅटी पूर्वीसारखीच होती. वरून तो लाल मसाला कशाला मारतात चिप्सवर ते कळलं नाही, पण बोटं चाटली मी. इतका खर्च करायला नको होतास.

चादरी धुतल्यास ते तेव्हाच पाहिलं होतं. मुद्दाम पत्रात लिहून कळवायची गरज नव्हती.

हवा बरी आहे. शेजारच्या ग्लॅडिसने गुडघा बदलून घेतला.

बेरिल

---

हल,
२ जुलै

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण ते पत्र मी बऱ्याचदा वाचलं. ते नम्र होतं. तू माझ्याशी कधीच नम्र नव्हतीस.

जून संपला. तुझ्याकडून हो आलं नाही, आणि नाहीसुद्धा आलं नाही. तुला नाही म्हणायला जड जात असणार, असं मी समजले. मीच तुला त्या कोपऱ्यात ढकललं: न विचारता नाव घातलं, मग आठवडाभर शहराचं प्रदर्शन मांडलं. त्यामागे तुझी सोय किती आणि माझा एकटेपणा किती, याचा हिशेब प्रामाणिकपणे केला तर तो माझ्या बाजूचा निघत नाही. म्हणून शुक्रवारी बोटॉल्फ कोर्टच्या कचेरीत जाऊन तुझं नाव काढून घेतलं. तिथल्या बाई म्हणाल्या, “खात्री आहे ना?” मी हो म्हटलं.

आता तुझ्यावर कसलंही ओझं नाही. तू आहेस तिथे सुखात राहा. मी नाताळात भेटायला येईन, तुला चालणार असेल तर.

तुझी
फिलिपा

---

फ्लीटवूड,
६ जुलै

फिलिपा,

म्हणजे मला वाटलं तेच खरं. कळलं ते बरं झालं.

एवढं लांबलचक लिहायची काय गरज होती? माझी सोय आणि तुझा एकटेपणा आणि कसले हिशेब! मला निरोप केव्हाच मिळाला होता. मी अजून तुझ्या टेबलाशी बसलेली, समोर अंडं, आणि तू माझ्या चादरी त्या यंत्रात कोंबल्यास. त्याच्या गोल काचेतून माझीच उशीची खोळ दिसत होती, गरागरा फिरताना. गाडी सुटायला अजून दोन तास होते! हेसल रोडवर, मासेमारांच्या वस्तीत वाढलेल्या पोरीला ‘पुन्हा येऊ नकोस’ हे याहून स्पष्ट कुणी सांगू शकत नाही. नुसतं ‘मावशी, जमणार नाही’ म्हणाली असतीस तर मी समजून घेतलं असतं.

मी तेव्हा बोलले नाही. तुझं घर, तुझं यंत्र. शिवाय मनात म्हटलं, आजकालच्या पोरी, हिच्या हातून चुकून झालं असेल. मग तुझं पत्र आलं, त्यात पुन्हा तेच! वारा छान होता म्हणे.

आणि मी मूर्ख. आल्यापासून कपाटं आवरायला काढली होती. क्लिफचे कोट देऊन टाकले.

नाताळात यायची तसदी घेऊ नकोस.

बेरिल

---

हल,
९ जुलै

मावशी,

पत्र आत्ताच आलं. बूटही न काढता लिहायला बसले आहे.

चादरींनी काय केलं?

मला खरंच माहीत नाही. पाहुणे जायच्या दिवशी चादरी काढून धुवायच्या, हे मी आईकडून शिकले. आई तर पाहुणे दारात निरोप घेत असतानाच उशा उघड्या करायची. मला तो नीटनेटकेपणा वाटतो. तुझ्यासाठी पलंग पुन्हा ताजा करून ठेवायचा, एवढाच माझा विचार होता. त्यात ‘येऊ नकोस’ कुठून आलं? हेसल रोडला याचा काय अर्थ होतो? आई त्याबद्दल कधीच बोलली नाही. तिच्या तोंडून मी त्या रस्त्याचं नावसुद्धा मोजक्याच वेळा ऐकलं असेल. म्हणून तर मी तुला तिकडे नेलं नाही. मला वाटलं, तिथे काहीतरी दुखरं आहे, विचारू नये.

आणि मीही विचारते, विचारल्याशिवाय आता राहवत नाही. तू रागावली होतीस ती चादरींवरून, हे कळलं. पण निदान शेवटी एकदा हात तरी हलवायचास. मी अजून फलाटावर उभी आहे असं वाटतं मला.

तू कपाटं आवरत होतीस? म्हणजे तू येणार होतीस?

फिलिपा

---

फ्लीटवूड,
१६ जुलै

फिलिपा, बाळा,

तुझ्या आईने, नॉर्माने तुला काहीच सांगितलं नाही? काहीच?

ऐक मग. माणूस समुद्रावर निघाला की त्या दिवशी त्याच्या घरात धुणं काढायचं नाही. रुमालसुद्धा नाही. धुतलंस तर त्याला धुवून टाकलंस, तो वाहून गेला, परत येत नाही. हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. आणि त्याला पोचवायला गोदीवर जायचं नाही. दारातूनच सोडायचं, हात हलवायचा नाही, मागे बघायचं नाही. हात हलवला की तो शेवटचा निरोप झाला. ज्याला पुन्हा भेटायचं नसेल त्याला हात करावा.

तुला वाटलं मी रागाने पाठ केली! अगं, चादरींचा राग होताच, पण त्यासाठी पाठ नाही केली. रागातसुद्धा मला तुला पुन्हा बघायचं होतं म्हणून खिडकीकडे पाठ करून बसले, सेल्बीपर्यंत मान अवघडली माझी. संबंध तोडायचा असता तर उभी राहून दोन्ही हातांनी टाटा केला असता. आणि तू बाहेर गोफण फिरवल्यासारखे हात हलवत होतीस, ते मला समोरच्या बाईच्या चष्म्यात दिसत होतं. म्हटलं, बघा, धुतलं ते धुतलं, वर हातही हलवते आहे. किती घाई झाली आहे हिला!

मला कळतं गं, मी काही वेडी नाही. आगगाडीने लीड्सवरून फ्लीटवूडला जाणाऱ्या म्हातारीला कोण बुडवणार? लीड्सला कुणी बुडून मेल्याचं मी ऐकलं नाही. पण डोक्याला कळलं तरी पोटाला कळत नाही.

आता नॉर्माचं सांगते. आमचे वडील गेले तेव्हा मी पंधराची, ती अठराची. ते बोटीवर निघाले त्या दिवशी आम्ही काहीही धुतलं नव्हतं. आईने चहाचे कपसुद्धा तसेच ठेवले होते, तेवढं करायची गरज नसते, तरी ठेवले. कुणी हात हलवला नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. जहाज आइसलँडच्या वर कुठेतरी गेलं, बर्फात, आणि आलं नाही.

बातमी पक्की झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी नॉर्मा उठली आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं धुवायला काढलं. पडदे, रजया, वडिलांचे मोजे. गल्लीभर दोऱ्या बांधल्या. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मी तिला म्हटलं, “काय करतेस हे?” ती म्हणाली, “सगळं पाळलं ना आपण? मग?”

तिने त्या दिवशी सगळं सोडलं. माझं उलट. मला वाटलं, निदान जे उरलेत त्यांच्यासाठी तरी पाळायला हवं. क्लिफ बर्फाच्या कारखान्यात कामाला, बोटीवर कधी चढला नाही, तरी तो रोज कामावर निघाला की मी धुणं दुपारनंतर काढायची. दोघींपैकी कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. तिने तुला या भीतीशिवाय वाढवलं. हे तिने मुद्दाम केलं असणार, आणि चांगलं केलं.

हो, मी येणार होते.

तुझी
बेरिल मावशी

---

हल,
२० जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग दोऱ्यांवरचे पडदे डोळ्यांपुढून जाईनात म्हणून फिरायला गेले. आईला मी फक्त नीटनेटकी बाई म्हणून ओळखत होते.

बोटॉल्फ कोर्टला पुन्हा जाऊन आले. त्याच बाई होत्या. “मी विचारलं होतं तुम्हाला,” म्हणाल्या. घर गेलं. एका निवृत्त ऑर्गनवादकाला दिलं. त्यांना पर्यायच नव्हता, चूक माझी. तू येत नाहीस हे मी तुझ्या वतीने ठरवलं, आणि वर त्याला तुझा संकोच हे चांगलं नाव दिलं.

आता कुणाच्या मनाचा अंदाज बांधायचा नाही असं ठरवलंय. सरळ विचारते: माझ्याकडे मागची खोली आहे, ऊन येतं. येशील का?

तुझी
फिलिपा

---

फ्लीटवूड,
३ सप्टेंबर

फिलिपा,

उशीर झाला. कारण विचारू नकोस.

तुझी मागची खोली नको. ऊन चांगलं आहे, पण तुझ्याकडे जिन्यातसुद्धा पुस्तकं आहेत, आणि मी कपबशी ठेवली की तू खाली काहीतरी सरकवतेस. महिन्याभरात दोघींपैकी एक दुसरीला त्या मिन्स्टरच्या मनोऱ्यावरून ढकलेल.

बाकी ठीक.

बेरिल

---

हल,
७ सप्टेंबर

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. ‘नको’ हे खोलीला आहे, एवढं मी वाचलं. त्यापुढचं जे लिहिलेलं नाही ते मी वाचलेलं नाही. सांगायला अभिमान वाटतो, की फार प्रयत्न करावे लागले.

कपबशीचं खरं आहे.

तुझी
फिलिपा

---

हल (हो, हलच),
११ ऑक्टोबर

फिलिपा,

खुर्चीत बस आणि मग वाच.

शनिवारपासून मी इथे आहे. हेसल रोडच्या मागच्या गल्लीत, तळमजल्याचं घर. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि न्हाणीघरात पडू नये म्हणून दांडा. कौन्सिलला मी जुलैतच लिहिलं होतं, तुझं ऑर्गनवादकाचं पत्र आलं त्याच आठवड्यात. ग्लॅडिसच्या जावयाने व्हॅनमध्ये सामान घालून आणलं. बिचारा वाटेत दोनदा विचारत होता, “नक्की ना, आजी?” त्याला म्हटलं, “तू रस्त्याकडे बघ.”

तुला सांगितलं नाही, कारण तू दिवस ठरवला असतास, फुलं आणली असतीस आणि दारात उभी राहून मला हे आवडेल का याची काळजी केली असतीस. मला आधी एकटीने बघायचं होतं. बोटॉल्फ कोर्ट छान होतं गं. पण तिथे मी संग्रहालयातच राहायला गेल्यासारखी झाले असते. खिडकीबाहेर सारखी माणसं फोटो काढत होती.

इथे मागे टायरचं दुकान आहे, सकाळी आठला ठोकाठोकी सुरू होते. गल्लीतली जुनी घरं पाडली, आमचं तर केव्हाच पाडलं. ओळखीचं काही दिसेना. पहिल्या दिवशी मला वाटलं, बेरिल, फसलीस. मग समोरच्या मासेवाल्याकडे गेले. गल्ल्यावर साठीची बाई होती. तिने हॅडक कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, “नवीन दिसता. कुठल्या तुम्ही?”

मी म्हटलं, “फ्लीटवूडहून आले.”

“ते ऐकू येतंच नाही तुमच्या बोलण्यात,” ती म्हणाली. “मूळच्या कुठल्या?”

मी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं. तेवढ्यात आतून, पडद्यामागून, तिची आई ओरडली. नव्वदीच्या पुढची असेल, दिसत नाही तिला आता. “कोण आहे गं? हा आवाज स्टॅदर्सांच्या घरातला आहे! अल्फ स्टॅदर्सची धाकटी ना ती? जाळी विणायला होती ती?”

फ्लीटवूडमध्ये इतकी वर्षं राहिले, पण तिथे कुणालाच माहीत नव्हतं की माझे वडील कोण. मी ‘हो’ म्हटलं, आणि ती आतून म्हणाली, “मग उभी काय आहेस? आत ये की. गारठा येतोय.”

दोन तास बसले होते. माशाचे पैसे द्यायचे राहिले, ते आज देऊन आले.

तू बुधवारी संध्याकाळी ये, कॉलेज सुटलं की. नकाशा आणू नकोस, फुलं आणू नकोस, आणि मी इथे सुखी आहे का ते विचारू नकोस. मीच सांगेन, कळलं की. दाखवायला माझ्याकडे काही नाही. बसायला दोन खुर्च्या आहेत आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या तुझी वाट बघतोय, कारण त्या आंधळ्या बाईला ऐकायचंय की नॉर्माच्या मुलीचा आवाज कुणावर गेलाय.

तुझी मावशी,
अल्फ स्टॅदर्सची धाकटी